वाचलेले युनिट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मी दोन दिवस विचार केला. पाककृती, सणवार, मुलांचे संगोपन यांवर माझ्यापेक्षा चांगले बोलणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून माझ्या नणंदेच्या मुलीच्या नोकरीविषयी बोलावे असे ठरविले. ती एका वीज वितरण कंपनीत इंजिनियर आहे. आता विजेच्या कंपनीत इंजिनियर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर येतात. पण हिचे काम निराळेच. लोकांना वीज कमी कशी लागेल हे पाहण्यासाठी कंपनीने तिला पगार देऊन ठेविले आहे. त्या हुद्द्याला ‘एनर्जी एफिशियन्सी इंजिनियर’ म्हणतात. आपण त्याला वीज-बचतीचा इंजिनियर म्हणू.

मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. तेव्हा जे सांगते आहे ते तिला पुनःपुन्हा विचारून समजून घेतलेले आणि घरच्या मीटरवर ताडून पाहिलेले आहे, एवढेच समजावे.

पहिला प्रश्न साहजिकच मनात येतो. वाणी कधी गिऱ्हाइकाला म्हणेल का, की बाई, साखर जरा कमी न्या? मग वीज विकणारी कंपनी वीज कमी वापरा असे का सांगते? मी हेच भाचीला विचारले. ती म्हणाली, “मामी, साखर पोत्यात भरून ठेवता येते. वीज ज्या क्षणी लागते, बहुतेक त्याच क्षणी तयार करावी लागते.”

यातच सारे मर्म आहे. संध्याकाळी सहा वाजले की घरोघरी दिवे लागतात, पंखे फिरतात, मिक्सर चालतो, पाण्याचा पंप सुरू होतो. दुकानांच्या पाट्या उजळतात. त्याच वेळी सूर्य मावळतो आणि सौर विजेचा आधार सुटतो. या तीनचार तासांसाठी कंपनीला जास्तीची वीज घ्यावी लागते आणि ती बहुधा महाग मिळते. आपल्या राज्यात कोयनेचा प्रकल्प आहे. त्याची एकूण १९६० मेगावॅटची क्षमता आहे आणि गर्दीच्या वेळची गरज भागविण्यासाठी त्याचा मोठा उपयोग होतो. पण धरणातले पाणी मोजके. ते संपले की पुढच्या पावसाचीच वाट पाहायची. शिवाय त्या चार तासांच्या गर्दीसाठी तारा, ट्रान्सफॉर्मर सारे मोठे बसवावे लागते. उरलेले वीस तास ते अर्धेमुर्धे रिकामे. लग्नाच्या एका पंगतीसाठी वर्षभर मोठा वाडा भाड्याने घेऊन ठेवावा, तसा हा प्रकार.

दुसरे असे की, कमी वीज वापरणाऱ्या घरांना आणि शेतीपंपांना जी वीज मिळते तिचा दर पुष्कळदा कंपनीच्या खर्चापेक्षाही कमी असतो. तेथे एक युनिट वाचले तर कंपनीचा तोटाच वाचतो. आणि तिसरे, आता हे केवळ कंपनीच्या मर्जीवर राहिलेले नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये यासाठी नियम केले. ग्राहकांची मागणी आटोक्यात आणण्याच्या योजना आखणे व त्यांचा हिशेब आयोगापुढे मांडणे हे कंपन्यांचे काम ठरले. योजनेचा खर्च शेवटी आपल्याच दरातून निघतो, म्हणून तो वसूल झाला की नाही हे दाखवावेच लागते.

ही कल्पना मुळात आली कोठून, हेही मी विचारून घेतले. न्यूयॉर्कमध्ये एडिसनने १८८२ साली आपले वीजघर सुरू केले. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या कंपन्यांचा एकच मंत्र होता : जास्त विका. १९७३ साली तेलाचे संकट आले आणि विचार बदलू लागला. कॅलिफोर्नियात आर्थर रोझेनफेल्ड नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्या वर्षी एका शुक्रवारी रात्री घरी जाताना त्यांनी आपल्या मजल्यावरच्या वीसएक खोल्यांतील दिवे बंद करावयाचे मनावर घेतले, तर कित्येक खोल्यांत बटणेच सापडेनात! पुस्तकांच्या कपाटांमागे ती दडून गेली होती. दिवे आठवड्याचे सातही दिवस जळत, कारण ते बंद करण्याची सोयच कोणी ठेवली नव्हती. उधळपट्टी माणसाच्या स्वभावात असते त्यापेक्षा वस्तूच्या घडणीत अधिक असते, हे यावरून दिसते. पुढे त्यांनी सारे आयुष्य याच कामाला वाहिले. २०१७ मध्ये ते वारले.

अमेरिकेतल्या फ्रीजची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथला घरगुती फ्रीज वर्षाला सरासरी १८०० युनिटांच्या घरात वीज खात असे. सरकारने मर्यादा घालून दिल्या, कारखानदारांनी यंत्र सुधारले, भिंतींतले उष्णतारोधक अस्तर चांगले केले. २००१ च्या नियमानंतर तोच आकडा पाचशेच्या आसपास आला. फ्रीज लहान झाला नाही, उलट मोठाच झाला. दूध कोणाचे नासले नाही. तेथल्या २४ वीज कंपन्यांनी मिळून चांगला फ्रीज बनविणाऱ्यास तीन कोटी डॉलरचे बक्षीस लावले होते. ते १९९३ मध्ये व्हर्लपूल कंपनीने जिंकले. वीज विकणाऱ्यांनी वीज न खाणाऱ्या फ्रीजला बक्षीस द्यावे, हे पूर्वी कोणी खरे मानले नसते. कॅलिफोर्नियात १९८२ पासून अशीही व्यवस्था केली गेली की, वीज कमी विकली गेली म्हणून कंपनीच्या ठरीव उत्पन्नाला धक्का लागू नये. मग बचतीचे कंपनीला भय कशाला वाटेल?

आपल्याकडे २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्याखाली १ मार्च २००२ रोजी दिल्लीत ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो निघाला. फ्रीजवर आणि एअर कंडिशनरवर आपण जी ताऱ्यांची चिठ्ठी पाहतो, ती या ब्यूरोची. ती योजना २००६ मध्ये सुरू झाली. छताच्या पंख्यांना ही चिठ्ठी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. एलईडी दिव्यांची ‘उजाला’ योजना जानेवारी २०१५ मध्ये आली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. २०१४ च्या सुरुवातीला घाऊक खरेदीत जो दिवा ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. एकदम मोठी खरेदी केली की भाव कसा उतरतो, हे आपल्या मंडळाच्या डाळ-तांदळाच्या एकत्र खरेदीवरून आपणास ठाऊकच आहे. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडे शेतीपंप बदलण्याचा प्रयोगही झाला. जुना पंप वीज जास्त ओढी आणि पाणी कमी देई.

आता हिचे रोजचे काम सांगते. कचेरीत बसून ती आधी कोणत्या भागात, कोणत्या तासाला किती वीज जाते याचा आलेख पाहते. मग निवडलेल्या घरांत, दुकानांत, शाळा-दवाखान्यांत जाऊन मोजमाप करते. तिच्या पिशवीत चिमट्यासारखे एक यंत्र असते. तारेभोवती ते अडकविले की तार न तोडता विजेचा प्रवाह कळतो. दुसरे एक लहान मीटर प्लगमध्ये लावून एखादे यंत्र चोवीस तासांत किती युनिट खाते ते पाहता येते. संध्याकाळचीच माहिती हवी असल्याने काम पुष्कळदा संध्याकाळी सहा ते दहा. दारात उभी राहिली की प्रश्न ठरलेले : “मीटर पळवायला आलात का?” नाही तर, “तुमचे साहेब कुठे आहेत?” ती शांतपणे ओळखपत्र दाखविते आणि सांगते, “साहेब नाहीत, मीच आहे.”

सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. विकलेले युनिट मीटरवर दिसते. वाचलेले युनिट कोठेच दिसत नाही. ते सिद्ध करावे लागते. समजा, हजार घरांत नवे पंखे दिले आणि पुढचा मे महिना फारच तापला, तर बिले वाढतीलही. मग योजना फसली म्हणायचे का? नाही. म्हणून जिथे पंखे बदलले नाहीत अशी तशाच प्रकारची घरे निवडून दोहोंची तुलना करतात. जे लोक योजना नसती तरी नवा पंखा घेणारच होते, त्यांची बचत योजनेच्या खात्यावर धरत नाहीत. परत घेतलेले जुने दिवे मोडून टाकतात, नाही तर ते मागच्या दाराने दुसऱ्या घरात जळू लागतील. असा चोख हिशेब आयोगापुढे ठेवावा लागतो. आपण किराणा उधारीची वही जितक्या काळजीने तपासतो, त्याहून बारीक नजरेने तेथे प्रत्येक आकडा तपासला जातो.

एका घरची हकीकत तिने मला सांगितली. ती ऐकून मला रात्री बराच वेळ झोप लागली नाही. घर मध्यम स्थितीतले. मुलगा, सून, नातवंडे आणि सत्तरीच्या आजी. बिल फार येते म्हणून घरच्या कर्त्याने नियम केला होता : दुपारी बारा ते पाच पंखा लावायचा नाही. तो स्वतः कामावर जाई. मुले शाळेत. पंख्याशिवाय राहणाऱ्या कोण, तर आजी आणि सून. एप्रिलचे दिवस. आजी ओला पंचा डोक्यावर घेऊन पडून असत.

भाचीने मोजमाप केले. पंखा जुना, ७५ वॅटचा. पाच तास लावला तर दिवसाला पाऊण युनिटाच्या निम्मे, म्हणजे महिन्याला सव्वाअकरा युनिट. आणि स्वयंपाकघरात वीस वर्षांचा फ्रीज होता. दाराचे रबर सैल झालेले, पाठ भिंतीला टेकलेली. तो रात्रंदिवस घरघरत होता आणि चोवीस तासांत अडीच युनिट खात होता, महिन्याला पंचाहत्तर. त्याच आकाराचा नवा चांगला फ्रीज वर्षाला दोनशे युनिटांच्या आसपास चालतो, म्हणजे महिन्याला सतरा धरा. अठ्ठावन्न युनिट हकनाक जात होते, आणि सव्वाअकरा वाचविण्यासाठी एक म्हातारी बाई घामाने निथळत होती!

तो कर्ता माणूस वाईट नव्हता बरे का. त्याला कोणी मोजून दाखविलेच नव्हते. पंखा फिरताना दिसतो, म्हणून तो डोळ्यांत खुपतो. फ्रीज कोपऱ्यात मुकाट उभा असतो. त्याच्याकडे कोण पाहणार?

भगिनींनो, मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच. आपल्याकडे काटकसर म्हटली की ती प्रथम बायकांच्या वाट्याला येते. भाजी थोडी असली तर उरलेली आपल्या पानात. साबण जपायचा तो आपण. पंखा बंद करायचा तो स्वयंपाकघरातला, आणि कित्येक स्वयंपाकघरांत तर पंखाच नाही. मन मारणे म्हणजे बचत, असेच आपण आईच्या घरी शिकलो आणि सासरी पाळले. वीज-बचतीच्या इंजिनियरचे शास्त्र म्हणते की हे दोन्ही एक नव्हे. वारा तेवढाच, उजेड तेवढाच, गार पाणी तेवढेच, आणि वीज मात्र कमी : याला बचत म्हणावे. वारा बंद करून वाचले त्याला उपवास म्हणतात. उपवास स्वखुशीने करावा, दुसऱ्याच्या आज्ञेने नव्हे.

आता थोडा घरगुती हिशेब. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. साधा जुना पंखा ७० ते ८० वॅटचा. नव्या तऱ्हेचा, ज्याला बीएलडीसी म्हणतात, तो ३० वॅटच्या आसपास. बारा तास चालला तर दिवसाला अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक वाचते, महिन्याला सोळा युनिट. बिलात टप्पे असतात. शंभर युनिटांपुढे दर चढतो, तीनशेपुढे आणखी चढतो. म्हणून आपण जी युनिट वाचवितो, ती सर्वांत महाग टप्प्यातली असतात, हे ध्यानात ठेवावे. एक लाख घरांतले तीन तीन पंखे बदलले आणि ते एकाच वेळी चालू असले, तर त्या वेळची मागणी साडेतेरा मेगावॅटने उतरते. थेंबे थेंबे तळे साचे ते असे.

वस्तू घेताना नुसते तारे मोजू नयेत. चिठ्ठीवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, आणि चिठ्ठी कोणत्या वर्षाची तेही असते. कसोटी वेळोवेळी कडक होते, तेव्हा जुन्या चिठ्ठीचे पाच तारे आणि नव्या चिठ्ठीचे पाच तारे सारखे नव्हेत. फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ओढावा. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज निसटली तर रबर बदलावे, त्याला फ्रीज बदलण्याइतका खर्च येत नाही. पंख्याचा जुना पेटीसारखा रेग्युलेटर असेल तर वेग कमी करूनही वीज तितकीशी वाचत नाही, ती पेटीतच तापून जाते. टीव्हीचा डबा रिमोटने बंद केला तरी पुष्कळदा वीज ओढतच असतो. रात्री भिंतीवरचे बटण बंद करावे.

आणि हे केवळ आपल्या बिलापुरते नाही. कोळशावरच्या वीजघरात एका युनिटामागे सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. शिवाय वीजघरापासून आपल्या घरी येईपर्यंत काही वीज वाटेतच गळते, म्हणजे घरात एक वाचले की तेथे एकाहून जास्त वाचते. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचे मोठे औष्णिक केंद्र आहे. तिकडच्या बायकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी धूळ बसते, तिच्याशी आपल्या घरातल्या बटणाचे नाते आहे.

आपल्या मुलींविषयीही एक शब्द. या कामासाठी इंजिनियरिंगची पदवी लागते; पुढे काही वर्षांच्या अनुभवानंतर ब्यूरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा देता येते. मुलीला हे कसे झेपणार, असे कोणी म्हणेल. मद्रासकडच्या ए. ललिता यांचे नाव आपण ऐकले असेल. अठराव्या वर्षी वैधव्य आले, पदरात तान्ही मुलगी. वडिलांनी त्यांना इंजिनियरिंग कॉलेजात घातले आणि १९४३ मध्ये त्या विजेच्या इंजिनियर झाल्या. पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामात त्यांचा हात होता. त्या काळी हे झाले, तर आज आपल्या मुली मागे का राहाव्यात? आणि या विशिष्ट कामात तर घर आतून ठाऊक असणे हीच मोठी विद्या आहे. पंखा कोण बंद करते, हे घर चालविणारीलाच आधी कळते.

शेवटी एक सूचना करते. आपल्यापैकी प्रत्येकीने या महिन्यात सात दिवस, सकाळी एकाच वेळी, मीटरचा आकडा वहीत लिहावा. पुढल्या सभेला वह्या घेऊन यावे. कोणाच्या घरी काय खाते ते आपण मिळून शोधू. आणि कंपनीची कोणी मुलगी मोजणीला दारात आली, तर ओळखपत्र पाहावे, तिला आत घ्यावे आणि पाणी द्यावे.

त्या आजींच्या घरी आता नवा फ्रीज आला आहे आणि नवा पंखाही. दुपारचा नियम सुटला; पंखा पाच तास जास्तच फिरतो. त्याला महिन्याला साडेचार युनिट लागतात. मी भाचीला विचारले, “म्हणजे तेवढी तुझी बचत बुडालीच की!” ती म्हणाली, “मामी, ती बुडाली नाही. तेवढ्यासाठीच तर बाकीची वाचविली.”